पान एकोणपन्नास

७ जून

मामा,

मी तुमच्या ताईची मुलगी. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्ही आला होतात, दारातच दहा मिनिटं उभे राहिलात आणि पाणीसुद्धा न घेता गेलात. त्यानंतर आपली भेट नाही. आता मी सत्तावीस वर्षांची आहे, दुसऱ्या गावात खोली घेऊन राहते आणि एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. दर रविवारी आईकडे जाते.

पत्राचं कारण असं. आम्ही सहा जणांनी नाटकाचा एक ग्रुप काढलाय. लॅबमधले तिघं, एक नर्स, एक बस कंडक्टर आणि त्याची बायको. ऑक्टोबरात एकांकिका स्पर्धा आहे. ‘तुझा मामा एवढा मोठा नाटककार, तूच लिही’ म्हणून लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. कामावरून आल्यावर रोज टेबलाशी बसते, ‘प्रवेश पहिला’ असं लिहिते आणि त्याच्याखाली रेघ मारते. पाच आठवड्यांत तेवढंच झालंय. रेघ मात्र फार सुंदर येते आता.

विषय कुठून आणायचा? तुम्हाला कसे सुचतात? एवढंच सांगा. आईला हे पत्र माहीत नाही. तिच्यासमोर नाटकाचं नाव काढलं तरी ती उठून आत जाते. खाली फोन नंबर देते आहे.

तुमची भाची


१५ जून

भाचीबाई,

नंबर खोडून टाकला. मी फोनवर बोलत नाही आणि फुकट शिकवत नाही. तुला उत्तर देतो आहे कारण तुझं अक्षर तुझ्या आईसारखं आहे आणि पाकीट फोडेपर्यंत मला वाटलं, पत्र तिचंच आहे.

‘सुचतं कसं’ हा न लिहिणाऱ्यांचा प्रश्न आहे. सुचत नसतं. माणसं डोळ्यांसमोर वावरत असतात, आपण आंधळे असतो. काम देतो, कर. जिथे लोकांना वाट बघत बसावं लागतं अशा ठिकाणी तीन दिवस जा. ते काय बोलतात ते लिहू नकोस, हात काय करतात ते लिही. एक ताव. जास्त लिहिलंस तर वाचणार नाही.

हेही जमलं नाही तर कवळ्या करत राहा. तो धंदा बरा, लोकांना त्यांचा उपयोग तरी होतो.

मामा


२ जुलै

मामा,

ताव सोबत जोडलाय. ज्या डॉक्टरांना आम्ही कवळ्या देतो त्यांच्या वेटिंग रूममध्ये बसले होते. एक म्हातारे गृहस्थ पूर्ण वेळ स्वतःच्या चपलेचा अंगठा ओढत होते. एक बाई पर्सची चेन उघडत होती, आत बघत होती, पुन्हा लावत होती. सतरा वेळा. मी मोजलं.

तुम्ही उर्मट आहात हे मला आईने कधी सांगितलं नव्हतं. तिने तुमच्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही म्हणा.

भाची


९ जुलै

भाचीबाई,

हा अहवाल झाला. पोलीस असा लिहितात. बाई सतरा वेळा चेन उघडते, ठीक आहे, पण तिला पर्समधून काय गेल्याची भीती वाटतेय? तू तिला विचारलं नाहीस, कारण तू भिडस्त आहेस. भिडस्त माणसाने नाटक बघावं, लिहू नये.

दुसरं काम. दोन माणसांना एकच खुर्ची हवी आहे, आणि दोघांपैकी कुणीही खुर्चीचं नाव काढायचं नाही. हे लिहून फाडून टाक, मला पाठवू नकोस.

तिसरं काम हे खरं काम. घरातल्या माणसाला असा एक प्रश्न विचार, ज्याचं उत्तर त्याने आजवर कुणालाच दिलेलं नाही. उत्तर महत्त्वाचं नाही. उत्तर यायच्या आधी चेहऱ्यावर जे होतं ते बघ. तिथे नाटक असतं. माझी अकरा नाटकं तिथूनच आली.

मामा


२८ जुलै

मामा,

तिसरं काम केलं. घरात एकच माणूस आहे. रविवारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, “आई, तू नाटकाला का जात नाहीस?”

तिने हातातली चादर खाली ठेवली, चष्मा काढला आणि पुन्हा लावला. म्हणाली, “हा प्रश्न तुझा नाही. तुझ्या मामाचा आहे. त्याच्या प्रश्नांना असाच वास येतो.”

मग मला पत्रांचं सांगावं लागलं. मला वाटलं ओरडेल. ती बसली आणि सगळं सांगितलं. पाऊण तास. चेहरा बघायचं मी विसरूनच गेले.

मला तुमचं ‘सामानासकट’ माहीत होतं. कॉलेजात आम्ही त्यातला प्रवेश केला होता, हसून हसून मेलो होतो. एक बाई बॅग घेऊन बोटीच्या धक्क्यावर दिवसभर उभी, येईल त्याला विचारते, किती वाजले? मी त्या बाईचं काम केलं होतं, मामा. आईने मला विचारलं, “लोक हसले?” मी अभिमानाने म्हटलं होतं, खूप.

ती सव्वीस वर्षांची होती. विमा कचेरीत टायपिस्ट. ज्या माणसाशी लग्न ठरलं होतं त्याने धक्क्यावर बोलावलं, ती सकाळी सातला गेली. तो संध्याकाळी पाचला आला, दहा मिनिटं बोलला आणि एकटाच बोटीत चढला. हे तिने जगात एकाच माणसाला सांगितलं. त्याच रात्री, तुम्हाला. आठ महिन्यांनी सगळं गाव हसत होतं. तिला रस्त्यात पोरं विचारायची, किती वाजले? कचेरीतले साहेबसुद्धा एकदा विचारून गालात हसले. तिने घड्याळ बांधायचं सोडलं. आजही बांधत नाही. मला वाटायचं, तिला मनगटावर काही सोसत नाही.

तुमची अकरा नाटकं तिथूनच आली म्हणालात. बाकीची दहा कुणाकुणाची?


४ ऑगस्ट

भाचीबाई,

छान. पहिल्यांदाच तुझ्या पत्रात माणूस दिसला. राग आला की बरं लिहितेस, हे लक्षात ठेव.

आता माझं ऐक. जगात कुणीतरी कुणाची तरी बहीण असतेच. तसा विचार केला असता तर एकही नाटक लिहून झालं नसतं. वेटिंग रूममधल्या त्या बाईला विचारलंस का, तुझे हात वापरू का म्हणून? तिची पर्स तू मला पाकिटात घालून पाठवलीस. माझ्यात आणि तुझ्यात फरक इतकाच, माझ्या नाटकाचे चारशे प्रयोग झाले.

आणि तुझ्या आईने एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. ‘सामानासकट’ टाइप कुणी केलं? तिने. तिन्ही अंक, मूळ आणि दोन कार्बन प्रती. मी वही तिच्या हातात दिली, आठ दिवसांनी तिने दोऱ्याने बांधलेले गठ्ठे माझ्या हातात दिले. एक शब्द बोलली नाही. ज्याला नको असतं तो नको म्हणतो. तिला तोंड होतं. मी ते होकार म्हणूनच धरलं आणि आजही धरतो.

मामा


१२ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. माझी चूक झाली, पण दाखवलं. ‘होकार’ शब्दाला ती हसली. मी तिला अशी हसताना कधी पाहिलं नव्हतं, पुन्हा बघायचंही नाही.

मी विचारलं, “मग टाइप केलंसच का?”

“करीन म्हणून सांगितलं होतं. वही उघडायच्या आधी.”

“आणि उघडल्यावर?”

“उघडल्यावर तो बाहेरच्या खोलीत शीळ घालत होता. बावीस वर्षांचा होता. पहिलंच नाटक. एवढा खूश मी त्याला त्याआधी कधी पाहिला नव्हता.” मग म्हणाली, “पण सगळं नाही केलं. एकोणपन्नासावं पान नाही केलं.”

तुमच्या वहीचं एकोणपन्नासावं पान, मामा. अठ्ठेचाळीसच्या शेवटी तो माणूस धक्क्यावर येतो. पन्नासच्या सुरुवातीला ती एकटी बॅगेवर बसलेली. मधे तो काय बोलतो ते त्या पानावर होतं. तिने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पान उलटून पुढचं टाइप केलं. वही जशीच्या तशी तुम्हाला परत दिली. तुम्ही पडताळून पाहिलंच नाही.

छापील पुस्तक माझ्याकडे आहे. प्रस्तावनेत कुणी परीक्षक लिहितात, दुसऱ्या अंकाच्या शेवटी नाटककाराने पुरुषाचे शब्द गाळून जे मौन ठेवलं त्याला तोड नाही. खळखळून हसणारं थिएटर तिथे चिडीचूप होतं. त्या वर्षीचं बक्षीस तुम्हाला त्या मौनासाठी मिळालं. शिबिरांतून तुम्ही ते मौन शिकवता.

ते माझ्या आईच्याने पुढे वाचवलं नाही म्हणून झालेलं मौन आहे. जुनी वही असेल तर काढून बघा.


५ सप्टेंबर

भाचीबाई,

तीन आठवडे लागले. माळ्यावरच्या चौथ्या खोक्यात सापडली. पान आहे. छापील पुस्तकात त्यातला एक शब्द नाही. तुझी आई खोटं बोललेली नाही.

आता मीही तुला एक गोष्ट सांगतो, तू वापरणारच आहेस तर नीट वापर. तालमी चालू होत्या तेव्हा मी काविळीने अंथरुणावर होतो. नाटक पहिल्यांदा पाहिलं ते तिसऱ्या प्रयोगाला. तो माणूस आला, अंधार झाला, उजेड आला तर ती एकटी. मी खुर्चीत ताठ झालो. माझं पान कुठे गेलं? प्रयोगानंतर दिग्दर्शकाने मला मिठी मारली आणि म्हणाला, काय मौन लिहिलंस! मला वाटलं, यानेच कापलं आणि मोठेपणाने माझ्या पदरात टाकतोय. मी गप्प बसलो. नंतर बोलायचे प्रसंग पुष्कळ आले आणि मी प्रत्येक वेळी गप्प बसलो.

हे सांगितलं म्हणून मवाळ झालो असं समजू नकोस. नऊ वर्षांत मी एक ओळ लिहिलेली नाही. परवापासून लिहितो आहे. भाऊ वही देतो, बहीण टाइप करते, एक पान गाळते. दोन अंक. पहिला जवळजवळ झाला. तू यात नाक खुपसू नकोस. एवढा विषय पेलायचा तर हात तयार लागतो. तू आपली वेटिंग रूम लिही.

मामा


९ सप्टेंबर

आजपासून अहो-जाहो बंद. तुझी लायकी नाही.

तू ते नाटक लिहिणार? पुन्हा? तिच्यावर? पहिल्यांदा तरी बावीस वर्षांचा होतास.

उशीर झालाय तुला. माझं लिहून झालंय. आईने सगळं सांगितलं त्या रविवारी परतीच्या बसमध्येच सुरू केलं, अकरा दिवसांत चाळीस पानं. तालीम चालू आहे. नर्स आईचं काम करते. परवा वाचताना कंडक्टर रडला, आणि तो बायकोच्या ऑपरेशनलासुद्धा रडला नव्हता. लोकांना कळू दे की ते कुणाला हसले. तुझं नाव घातलेलं नाही, पण ओळखू येशील अशी काळजी घेतली आहे.

एकच जागा अडलीये. ते पान मला हवंय. झेरॉक्स चालेल. शेवटच्या प्रवेशात नर्स ते पहिल्यांदा मोठ्याने वाचते. नाही पाठवलंस तर तुझ्या तोंडून जे निघालंय ते तुझ्याच अक्षरात माझ्याकडे आहे, पेपरात देईन.


१२ सप्टेंबर

दे पेपरात. कालच्या पेपरात लोक काय गुंडाळतात ते तुला माहीत असेल.

पान मिळणार नाही. ते माझं अक्षर, माझी वही आणि माझं नाटक आहे. तुझी नर्स मोठ्याने वाचणार म्हणे! अगं, न वाचलेलं पान वाचून टाकलंस तर मग राहिलं काय? एवढंही कळत नाही आणि म्हणे माझं लिहून झालंय.


१८ सप्टेंबर

वरची प्रत भावाला, कार्बन मुलीला. तुमच्या गावांचं माहीत नाही, इथे कार्बन पेपर अजून मिळतो.

रविवारी मुलगी आंघोळीला गेली होती आणि तिची पिशवी खुर्चीवरून पडली. चाळीस पानांची संहिता आणि मामाची सगळी पत्रं बाहेर आली. मी सगळं वाचलं. मला विचारून कुणी काही करत नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

मुलीला. तुझं नाटक चांगलं आहे. नर्सचं शेवटचं भाषण लांबलंय. पण ते मी तुला बोलले होते, तुझ्या ग्रुपला नाही. तू कपड्यांच्या घड्यांपाशी बसून माझा हात हातात घेतलास तेव्हा मला वाटलं, छत्तीस वर्षांनी कुणीतरी नुसतं ऐकतंय. तुझ्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्याच रविवारची तारीख आहे, आणि खाली ‘परतीच्या बसमध्ये’. आता कळलं की बसमध्ये चढताच तू कागद काढलास. त्याने मला हसवायला उभं केलं, तू रडवायला उभं करतेस. धक्क्यावर मात्र दोन्ही वेळा मीच. स्पर्धेतून नाव काढून घे.

भावाला. तू लिहितोस की लिहीत नाहीस याच्याशी मला देणंघेणं नाही. मी ‘नको’ म्हटलं नाही म्हणून ‘हो’ झालं, असं म्हणतोस. तर आता लेखी देते. नको. आणि ते पान मला पाठवून दे. तुमच्यापैकी कुणाकडेही ते मी राहू देणार नाही.

दोघांनीही रविवारी येऊ नये.


२२ सप्टेंबर

ताई,

पान पाठवतो आहे. झेरॉक्स काढलेला नाही, यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

माफी वगैरे मागणार नाही. मागितली तर तू म्हणशील वाक्य बेतलेलं आहे, आणि ते असेलही. मी आजपर्यंत न बेतता काय बोललो ते आठवून बघतो आहे. सापडत नाही.

दुसरा अंक मात्र माझ्याच्याने थांबवता येत नाहीये. खोटं बोलत नाही, एवढंच.

तुझा भाऊ


२४ सप्टेंबर

आई,

नाव काढून घेतलं. संयोजक म्हणाले, असं ऐनवेळी करणाऱ्यांना पुढच्या वर्षीही घेत नाही. कंडक्टर आणि त्याची बायको बोलत नाहीत. लॅबमध्ये डबा एकटीच खाते. नर्स लॅबमध्ये येऊन म्हणाली, तुझ्या आईला एकदा तालमीला आण, बघेल तर कळेल तिला. मी तिच्यावर इतकी ओरडले की कवळीच्या साच्यासाठी भिजवलेलं प्लास्टर वाटीतच घट्ट झालं.

तुझं बरोबर आहे. पण मला अजून वाटतं की ते चांगलं नाटक होतं, आणि मी ते तुझ्या बाजूने लिहिलं होतं. हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. राग धर हवा तर.

आणि मी बसमध्ये चढताच कागद काढला नाही. तिसऱ्या स्टॉपनंतर काढला. तोपर्यंत मी नुसती रडत होते.

रविवारी येणार नाही. तू म्हणशील तेव्हा येईन.


१ ऑक्टोबर

भावास,

पान मिळालं. दोन दिवस पाकीट फोडलं नाही. काल दुपारी खिडकीशी बसून वाचलं, पहिल्या दोन ओळींपासून शेवटापर्यंत.

तेव्हाच्या त्या दोन ओळी अशा होत्या: ‘हे बघ, तू रडणार नसशील तर मी खरं सांगतो.’ आणि कंसात, ‘ती बॅग खाली ठेवते.’ एवढं वाचून मी थांबले होते. मला वाटलं, पुढे ते सगळं आहे. जे तो बोलला आणि मी तुला सांगितलं, ते जसंच्या तसं, दोन कार्बन प्रतींत. तेव्हापासून मी धरून चालले की माझी ती गोष्ट तुझ्या वहीत पडून आहे आणि कधीतरी कुणीतरी ती मोठ्याने वाचणार. मुलीच्या बाबांशी लग्न करताना मला तीच भीती होती. मुलगी कॉलेजात त्या नाटकात उभी राहिली तेव्हाही तीच.

आणि काल वाचलं तर पानभर तुझा तो माणूस म्हणतो आहे की बॅग फार मोठी आहे, बोटीला पेलणार नाही, पुढच्या बोटीने सामान आणि त्याच्या पुढच्या बोटीने तू. विनोद. बरा विनोद आहे, लोक हसले असते.

यातलं तो एक अक्षरही बोलला नव्हता. मी तुला तसं सांगितलंही नव्हतं. त्या रात्री मी सांगत होते आणि तू पेन्सिलीला टोक करत होतास. मला वाटलं, ऐकता ऐकता करतोयस. तू ऐकलंच नव्हतंस. ‘धक्का’, ‘बॅग’ आणि ‘किती वाजले’, इतकंच तुझ्या कानात गेलं, बाकीचं तू बनवलंस. मी रागावले असते, पण काल रात्री मला पहिल्यांदा सलग झोप लागली.

तेव्हा लिही तुझा दुसरा अंक. माझं ‘नको’ मी मागे घेते. त्यात मी नाही, कधी नव्हतेच. मुलीलाही तसं कळवलं आहे, धक्क्यावर तो खरं काय बोलला ते मी तिलाही सांगितलेलं नाही. तिने तिच्या नाटकात जे घातलंय तेही तिचंच आहे. ती रविवारी येते आहे. तू येऊ नकोस.

पान सोबत परत पाठवते. मला त्याचा उपयोग नाही. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या आहेत.

ताई